अक्का कन्फ्यूज नव्हती

दत्ताचा फोन आला तेव्हा मी कासुर्डीत आमच्या ओट्यावर शेंगा फोडत बसले होते. दत्ता म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा, अक्काचा, एकुलता एक मुलगा. "मावशी, आई गेली," म्हणाला. मी काही बोलायच्या आत त्यानंच पुढं सुरू केलं, "सुटली म्हणा. शेवटी शेवटी लईच कन्फ्यूज झाली व्हती." आईचा देह अजून घरात, मागं सून वैशाली रडतेय ती मला फोनमधून ऐकू येतेय, आणि या बहाद्दराला पहिल्या दमात आठवलं काय, तर ते इंग्रजी! मी फोन ठेवला. रडू यायच्या आधी मला राग आला, खरं तेच सांगते. आज सहा आठवडे झाले... रडू मधूनमधून येतं आणि जातं. राग मात्र ओट्यावर मांडी घालून बसलाय, उठायचं नाव घेत नाही.

मी चौथी शिकलेली बाई. बाकी जे काही आलं ते वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचून आणि पुढं गावच्या वाचनालयातून. वाचनालयातल्या बाई म्हणाल्या, पेपरच्या पुरवणीत लोक आपल्या गेलेल्या माणसांवर लिहितात, तुम्ही अक्कांवर लिहा, मन हलकं होईल. मन हलकं करायला मी लिहीत नाही. माझ्या बहिणीबद्दल तिच्या पोटच्या पोरानं जे गावभर पसरवलं ते खोटं होतं, आणि ते खोटं मी माझ्या डोळ्यादेखत जन्माला येताना पाहिलं, म्हणून लिहितेय.

हा शब्द आमच्याकडं कसा आला तेही मला बरोबर आठवतं. हायवेच्या गावांत कंपन्यांच्या बसा यायला लागल्या, पोरं निळे शर्ट घालून पाळीला जायला लागली, आणि रिकाम्या डब्याबरोबर हा शब्द घरी आला. आमचा दत्ता कंपनीत सुपरवायझर, त्यामुळं त्याच्याकडं तो जरा जास्तच आला. वैशालीला माहेराहून आणायला जायचं विसरला, "कन्फ्यूजन झालं." सख्ख्या चुलत्याला चार लोकांत शिवी दिली, दुसऱ्या दिवशी खालमानेनं, "त्ये जरा कन्फ्यूजन झालं." जणू कन्फ्यूजन म्हणजे गारपीट. कुणी करत नाही, आपली होते, आणि झाल्यावर सगळ्यांनी मिळून वर बघायचं! बरं, हे सगळं स्वतःचं असलं तर. दुसऱ्यानं काही विचारलं की मात्र ते झालेलं नसतं, मग तो माणूसच कन्फ्यूज असतो. दत्ताच्या सहा वर्षांच्या मुलीला दोन फ्रॉकांतला कुठला घ्यावा सुचेना की तीही म्हणते, "मी कन्फ्यूज झाले." तिला माफ आहे. तिच्या बापाला नाही.

आमच्याकडं काय शब्द नव्हते? जत्रेत आईचा हात सुटलेलं पोर भांबावतं. नवी नवरी सासरच्या उंबऱ्यात गांगरते. हॉर्न वाजला की वासरू बिचकतं. भर उन्हात खुरपून उठलं की डोकं भंजाळतं, आणि चौघं चार बाजूंनी बोलायला लागली की माणूस बावचळतो. यातला कुठलाही शब्द कानावर पडला की कळतं, समोरच्याला काय झालंय आणि त्याला काय द्यायला पाहिजे. एकाला हात, एकीला बसायला पाट, एकाला घोटभर पाणी. कन्फ्यूज म्हणलं की काहीच कळत नाही, आणि कुणाला काही द्यावंही लागत नाही. म्हणून तर लोकांना तो इतका आवडतो, असं आपलं मला वाटतं.

असो. अक्काबद्दल सांगते. अक्का माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. न्हावऱ्याला आमचं माहेर, तिथं तिचं नाव हौसा. मला तिनं कडेवर घेऊन वाढवलं. तिची एक कड कायम जराशी बाहेर आल्यासारखी दिसायची, ती माझ्यामुळं, असं ती सगळ्यांना सांगायची. भांडगावला दिली तेव्हा रीतीप्रमाणं ताटात तांदूळ पसरले, आमच्या दाजींनी अंगठीनं त्यात नवं नाव लिहिलं... सुलोचना. झालं, हौसा संपली. पण ते नाव तिला कधी चिकटलंच नाही. रेशनकार्डावर सुलोचना, मतदार यादीत सुलोचना, आणि कुणी "सुलोचनाबाई" अशी हाक मारली तर ही मागं वळून बघायची, कोण बाई आलीय म्हणून. गंमत अशी की ते नाव ज्यांनी लिहिलं त्या दाजींनी स्वतः तिला कधी सुलोचना म्हणलं नाही. घरात कुणी नसलं की हौसाच म्हणायचे.

दाजींचं नाव सोमनाथ. मी लिहू शकते, माझे दाजी होते. अक्का घेऊ शकत नव्हती. आमच्या पिढीत नवऱ्याचं नाव लग्नात उखाण्यातून घेतलं तेवढंच, पुन्हा तोंडातून निघायचं नाही. आता हसतील पोरी, हसू द्या. अक्कानं तर पुढचीही हद्द केली. नाव घ्यायचं नाही म्हणून तिनं सोमवारसुद्धा टाकला. सोमवारला ती "महादेवाचा वार" म्हणायची. शेजारच्या सोमाला "मधल्या" म्हणून हाक मारायची, कारण तो तीन भावांत मधला होता. पन्नास वर्षं हे चाललं. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. भांडगावात कुणालाही विचारा, महादेवाचा वार कधी असतो ते लहान पोरगं सांगेल.

हायवेलगतची विहिरीकडची दोन एकरं दाजींनी तिच्या नावावर केली होती. ती विहीर खोदताना निघालेला मुरूम अक्कानं डोक्यावरून वाहून काढला होता. दत्ता तेव्हा पोटात. सातवा महिना लागेपर्यंत ती पाटी उचलत होती. विहिरीला पाणी लागलं त्या दिवशी दाजी म्हणाले, "हौसा, ह्ये तुझं." नुसतं बोलले नाहीत, पुढं तलाठ्याकडं जाऊन कागद केला. असले नवरे फार नसतात. दाजी लवकर गेले. ती दोन एकरं राहिली. अक्का रोज सकाळी विहिरीच्या कडेला जाऊन यायची, काम असो नसो.

आता तो दवाखाना. दौंडला होता, नाव लिहीत नाही, कुठलाही दवाखाना असता तरी बहुतेक हेच झालं असतं. कांदे काढणी चालू होती, ऊन असं की बांधावर पाय ठेववत नव्हता, आणि अक्का वाफ्यातच आडवी झाली. डोकं भंजाळलं, एवढंच झालं होतं. दत्तानं जीपमधून दौंडला नेलं, सलाईन लावलं, मलाही बोलावून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला चांगली तरतरी आली होती. चहा मागितला, तो फिका आहे म्हणून नर्सला दोन शब्द ऐकवले, एवढी बरी होती. तेवढ्यात डॉक्टर आले. तरुण पोरगा, मिसरूड नुकतं फुटलेलं, गळ्यात नळी, हातात केसपेपर. शहरातलं बोलणं.

"आजी, तुमचं नाव काय?"

"हौसा."

डॉक्टरांनी कागदाकडं पाहिलं. कागदावर सुलोचना. "बरं. आज वार कोणता?"

"महादेवाचा."

"वार विचारतोय आजी. वार."

"त्येच सांगितलं की."

"मिस्टरांचं नाव काय तुमच्या?"

अक्कानं पदर तोंडाला लावला, लाजली आणि भिंतीकडं बघायला लागली. सत्तरीची बाई, हाताला सुई टोचलेली, आणि लाजली... मला अजून दिसते ती.

"आठवत नाही का?"

"इसरायला काय झालंय? चांगलं आठवतंय."

"मग सांगा ना."

"आवो, असं कसं सांगू?"

डॉक्टर नर्सकडं वळून हलक्या आवाजात म्हणाले, "कन्फ्यूज्ड." आणि तेच लिहिलं. तीन प्रश्न, तिन्हीची उत्तरं बरोबर, आणि बाई नापास! मी म्हणते, वार विचारायच्या आधी त्या पोरानं एवढं तरी विचारावं की बाई कुठल्या गावची, कुठल्या काळातली, हिच्याकडं वार कशानं ओळखतात? पण त्याच्या पुस्तकात तेवढं नसावं. पुस्तकातलं पाठ केलं की माणसं वाचायची गरज राहत नाही, असं या शिकलेल्यांना का वाटतं कोण जाणे.

आणि मी? मी खाटेच्या पायाशी उभी होते. हौसा कोण, महादेवाचा वार म्हणजे काय, सगळं मला ठाऊक. एक वाक्य बोलायचं होतं. पण पांढरा कोट बघितला, खिशातलं पेन बघितलं, आणि ही मी, चार लोकांत तोंड चालवणारी, अशी गप्प बसले की विचारू नका. डॉक्टरांना मधे कसं बोलावं, म्हणून. अक्कानं एकदा माझ्याकडं पाहिलंसुद्धा. मी नजर दुसरीकडं नेली. दत्ताला नावं ठेवायच्या आधी माझं मलाच हे लिहून ठेवायला पाहिजे होतं, ठेवलं.

दत्तानं मात्र तो केसपेपर सोन्यासारखा जपला. घरी आल्यापासून आईनं काही म्हणायचा अवकाश, याचं तयार, "आई, तू कन्फ्यूज हायस. डॉक्टरनं लिहून दिलंय." एकदा अक्का म्हणाली, "दत्ता, हिरीवरची मोटार कोरडी चाललीय रं, आवाज येगळा येतोय." तर म्हणे, "तू कन्फ्यूज हायस, पडून ऱ्हा." संध्याकाळी मोटार जळाली. मेकॅनिकला काय सांगितलं असेल? "जरा कन्फ्यूजन झालं." वैशालीनं मला हे सांगितलं तेव्हा तिला हसू आवरेना, आणि मला हसावं का काय करावं कळेना.

मग एक दिवस अंगणात एजंट येऊन बसला. पांढरे कपडे, दोन मोबाईल, दोन्ही सारखे वाजणारे. पुण्याची कुणी पार्टी होती, तिला हायवेला लागून जागा पाहिजे होती. दत्ताचं सगळं ठरलेलं. जमीन द्यायची, हडपसरला फ्लॅट घ्यायचा, आईला तिथं न्यायचं. तिसऱ्या मजल्यावर. अक्का चहा घेऊन बाहेर आली, म्हणाली, "कुणाची जागा बघताय?" एजंट म्हणाला, "हीच की आजी, विहिरीकडची." अक्का म्हणाली, "ती माझी हाय. इकायची न्हाई." एवढं स्पष्ट. यात न कळण्यासारखं काय आहे? पण दत्ता एजंटाला डोळा मारून म्हणतो, "लक्ष देऊ नका साहेब, आई कन्फ्यूज असती." त्या दिवशी अक्कानं चहाचा कप तसाच परत आत नेला. एजंटाला दिला नाही. कन्फ्यूज बाईला पाहुणचार तरी कसा आठवेल!

आईचा नकार कुणी मनावर घेऊ नये म्हणून मग दत्तानं गावभर सांगत फिरायला सुरुवात केली. चहाच्या टपरीवर, डेअरीवर, सोसायटीच्या पायरीवर. "आईला काय कळत न्हाई आता." लोक काय, आधी हळहळले, मग तेही तसंच बोलायला लागले. जी माणसं अक्काकडं गाईच्या आजाराचं विचारायला यायची, ती तिच्याशी लहान पोराशी बोलल्यासारखं मोठ्यांदा बोलायला लागली. "काय आजीऽ, जेवली काऽ?" अक्का मला म्हणाली, "मंदे, मी बहिरी कवा झाले गं?" तिला ते फार लागलं. जमिनीपेक्षाही जास्त लागलं असावं. आपण बोलतो आणि समोरच्यांच्या कानात ते शिरतच नाही... जिवंतपणी भुतासारखं वाटत असेल माणसाला.

आणि इथं आमचा सुपरवायझर आपल्याच खड्ड्यात पडला. पार्टीचा वकील भांडगावात आला, टपरीवर चहा प्यायला थांबला, आणि टपरीवर त्याला काय कळावं? की मालकीणबाई कन्फ्यूज आहेत. वकील उठून तडक दत्ताकडं आला. म्हणाला, "बाईंना भान नसेल तर त्यांच्या सहीला अर्थ काय? उद्या कुणी कोर्टात गेलं तर माझी पार्टी गोत्यात. डॉक्टरचा दाखला आणा, बाई पूर्ण शुद्धीवर आहेत, स्वतःचं स्वतः ठरवू शकतात म्हणून. तरच खरेदीखत." वैशाली सांगत होती, दत्ताचं तोंड असं झालं होतं जसं काही त्याच्याच मोटारीतून धूर निघतोय.

मग सुरू झाला आईचा अभ्यास. ज्या आईला वर्षभर कन्फ्यूज ठरवलं, तिला आता चार दिवसांत शहाणी करायची होती. दत्ता कंपनीतून आला की समोर बसायचा.

"आई, नाव काय तुझं?"

"हौसा."

"आगं सुलोचना म्हण! सुलोचना सोमनाथ..."

"बापाचं नाव तोंड वर करून घेतोस व्हय रं?"

"घ्यावंच लागतंय. तुलाबी घ्यावं लागंल. डॉक्टरनं इचारलं की घ्यायचं."

"मी न्हाई घ्यायची."

"मंग उखाण्यात घे! पर घे!"

"उखाणा लग्नात घेत्यात. दवाखान्यात न्हाई."

वैशाली म्हणे स्वयंपाकघरात तोंडात पदर कोंबून बसली होती. चौथ्या दिवशी अक्का म्हणाली, "येते दवाखान्यात. पर मंदी आल्याबिगर मी गाडीत बसायची न्हाई." म्हणून वैशालीनं मला फोन केला. मी गेले. एकदा गप्प राहिले होते, पुन्हा राहायचं नाही असं ठरवून गेले.

जीपमध्ये पुढं दत्ता आणि एजंट, मागं आम्ही दोघी. पाटस मागं पडल्यावर अक्का हळूच म्हणाली, "मंदे, त्या दाखल्यावर काय लिहित्यात गं?" मी म्हणलं, "हेच की तू शहाणी हाईस. तुझं तू ठरवू शकतीस." ती म्हणाली, "तसं लिहल्यावर मंग मला कुणी काय म्हणू शकत न्हाई?" म्हणलं, "न्हाई." तिनं मान हलवली आणि बाहेर बघत बसली. उसाचे ट्रॅक्टर चालले होते, ती ते मोजल्यासारखी बघत होती. मला वाटलं बिचारीनं हाय खाल्ली. माझ्या डोक्यात काय प्रकाश पडला नाही, सांगते.

डॉक्टर तेच होते. मिसरूड आता दाट झालं होतं. अक्का खुर्चीत बसली, पदर नीट केला, पाय जमिनीला टेकवले. मी मागं उभी, आणि माझं तोंड उघडायला तयार. पण लागलंच नाही.

"आजी, नाव काय?"

"कागदावर सुलोचना. आईबापाचं हौसा."

"आज वार कोणता?"

अक्का जराशी थांबली. मग म्हणाली, "सोमवार."

पन्नास वर्षांत तो शब्द मी तिच्या तोंडून ऐकला नव्हता. डॉक्टरांना काय कळणार? ते लिहीत होते.

"मिस्टरांचं नाव?"

"सोमनाथ," अक्का म्हणाली. लाजली नाही, भिंतीकडं पाहिलं नाही. पुढं दाजींचं आडनाव, गाव, आणि ते जाऊन किती वर्षं झाली तेही सांगितलं. आवाज एकदम कोरडा. डॉक्टर म्हणाले, "छान! मग आजी, मागच्या वेळी का नाही सांगितलं?" अक्का म्हणाली, "मागल्या टायमाला तुम्ही नुसतं इचारलं. का न्हाई सांगत, त्ये कुठं इचारलं?" डॉक्टर हसले. मला ते हसू आवडलं नाही. ज्या शब्दानं एका बाईचं वर्ष खाल्लं, तो त्यांनी ज्या पेनानं लिहिला, त्याच पेनानं आता उलटं लिहिलं, शिक्का मारला, आणि "पुढचा पेशंट" म्हणाले. त्यांना त्या दोन कागदांच्या मधलं काही दिसलंच नव्हतं.

दत्ता खुशीत. एजंटानं नोंदणीच्या कचेरीत नंबर लावूनच ठेवला होता. आम्ही तिथं पोचलो तेव्हा गर्दी होती, लोक भिंतीला टेकून उभे. नंबर आला. अधिकारी मध्यमवयीन, चष्मा नाकावर, दिवसभर तेच तेच विचारून कंटाळलेले. दत्तानं कागद ठेवले, वर दाखला ठेवला. अधिकाऱ्यांनी रोजच्यासारखं विचारलं, "आजी, हे स्वखुशीनं लिहून देताय ना?"

अक्का म्हणाली, "साहेब, आधी त्यो वरचा कागुद वाचा. मोठ्यानं वाचा, सगळ्यास्नी ऐकू जाईल असा."

साहेबांनी चष्मा वर केला. काय वाटलं त्यांना कोण जाणे, वाचला. सदर महिला पूर्ण शुद्धीवर असून, त्यांना स्थळ, काळ व व्यक्तींचे भान आहे, व त्या स्वतःचे निर्णय स्वतः घेण्यास सक्षम आहेत. भिंतीला टेकलेली माणसं ऐकायला लागली होती.

"खाली शिक्का हाय का?" अक्कानं विचारलं.

"आहे."

"मंग लिहून घ्या. मला जमीन इकायची न्हाई."

दत्ता पुढं झाला, घाम फुटलेला. म्हणाला, "साहेब, ती जरा... आई जरा कन्फ्यूज..."

साहेबांनी दाखला उचलून त्याच्या नाकासमोर धरला. "अहो, हा आत्ता तुम्हीच दिलात ना माझ्या हातात?"

सगळी कचेरी हसली. एजंट तर पुढचा नंबर यायच्या आधीच दाराबाहेर गेला होता. दत्ता काय बोलणार? त्याला दुसरा शब्दच येत नव्हता. अक्कानं टेबलावरून दाखला उचलला, घडी घातली, कमरेच्या पिशवीत ठेवला आणि मला म्हणाली, "चल मंदे."

जीप गेली निघून, आम्हाला न घेता. आईला दौंडात सोडून निघून जाणारा मुलगा! आणि हा तिला तिसऱ्या मजल्यावर सांभाळणार होता. आम्ही एसटी स्टँडवर आलो. अक्का म्हणाली, "भजी खायची." दोन प्लेट भजी घेतली, बाकावर बसलो. मी तिची पाठ थोपटत होते, हसत होते, दत्ताच्या तोंडाची नक्कल करून दाखवत होते. ती पहिलं भजं हातात धरून तशीच बसली. मग डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"मंदे, त्यांचं नाव घेतलं गं मी. कुणापुढं घेतलं, तर त्या पोरापुढं... एवढं जपलं व्हतं."

जमीन राहिली होती, गावाचं तोंड आता बंद होणार होतं, पण तिच्याकडून जे घेतलं होतं ते काही परत येणार नव्हतं. आणि ते घेतलं कशासाठी? तर ती शहाणी आहे हे तिच्याच पोराला कागदावर पटावं म्हणून. मी एवढंच म्हणलं, "दाजी असते तर म्हणाले असते, हौसा, ब्येस केलंस." ती म्हणाली, "त्ये म्हणाले असते." आणि मग भजं खाल्लं. दोन्ही प्लेटा तिनंच संपवल्या, हेही सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल ती रडतच बसली.

त्यानंतर अक्का पावणेदोन वर्षं जगली. शेजारच्या पोराकरवी यवतहून तिनं त्या दाखल्याला प्लास्टिक चढवून आणलं आणि दाजींच्या फोटोशेजारी खिळ्याला टांगलं. घरात कुणी "आई, तू कन्फ्यूज..." असं सुरू केलं की ती बोलायची नाही, नुसतं भिंतीकडं बोट करायची. गाईचं विचारणारे परत यायला लागले. शेवटच्या आठवड्यात तिला ताप होता, तापात ती दाजींशी बोलायची, नावानं हाक मारून बोलायची. दत्ता त्यालाच कन्फ्यूज म्हणत होता. नवऱ्याशी बोलणाऱ्या बाईला! एकदा सुटलेलं नाव होतं, आता कशाला परत आत ठेवायचं, असा तिचा हिशेब असेल. तसं असेल तर मला तो पटतो.

परवा मी भांडगावला जाऊन आले. जमिनीवर आता दत्ताचं नाव लागेल, एजंट परत दिसायला लागलाय, दोन्ही मोबाईल वाजतायत. विहीर बुजवतील. मला अडवता येणार नाही, मी नुसती मावशी. दत्ता समोर आला, माझ्याकडं न बघता म्हणाला, "मावशी, आपल्यात जरा कन्फ्यूजन..." मी म्हणलं, "आपल्यात काय न्हाई. तुझं तुझ्यापाशी ठेव," आणि आत गेले.

वैशाली भिंतीपाशी उभी होती. म्हणाली, "मावशी, हे म्हणत्यात, त्यो दाखला काढून टाक. म्या न्हाई काढायची." मग दाराकडं बघून आवाज खाली आणला. "त्या डाक्टरकडं मला कवा नेताल? माझाबी एक काढून ठिवायचाय. आत्ताच. समदं कळतंय तवाच."

चौतीस वर्षांची पोर ती. मी तिच्या तोंडाकडं पाहिलं, ती चेष्टा करत नव्हती.

"दोघींचा एकदमच काढू," मी म्हणलं. तिनं खिळ्यावरचा दाखला खाली घेतला, पदरानं पुसला, आणि परत जागेवर लावला.